कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच्या लॅबमध्ये पीएचडीला जाताय? या चुका टाळा

बायोलॉजीवाल्यांना कोडिंगची धास्ती असते. इंजिनिअरिंगवाले म्हणतात, बायोलॉजी काय, वाचून होईल. माझ्या पाहण्यात दोघेही अडकतात ते तिसऱ्याच ठिकाणी: प्रोग्राम एकही एरर न देता पूर्ण होतो आणि उत्तर साफ चुकीचं असतं.

एक्सेलचंच घ्या. जीन्सची यादी नुसती बघायला उघडली आणि सवयीने सेव्ह केली, की ‘मार्च१’ या जीनची १ मार्च ही तारीख होते. शेवटी २०२० मध्ये मानवी जीन्सना नावं देणाऱ्या समितीनेच माघार घेतली. मार्च१ झालं मार्चएफ१, सेप्ट२ झालं सेप्टिन२. पण सीनिअरकडून मिळालेल्या जुन्या फाइलींत जुनीच नावं असतात. तो कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा आणि शेजारी एन्सेम्बल आयडी (एन्सेम्बल डेटाबेसमधला त्या जीनचा क्रमांक) ठेवा.

जीनोममधल्या ठिकाणांच्या दोन फाइली जुळवल्यावर जुळण्या शून्य आल्या तर ‘नवा शोध’ म्हणून गाइडकडे धावू नका. आधी बघा, क्रोमोसोम १ साठी एकीत ‘सीएचआर१’ आणि दुसरीत नुसतं ‘१’ असं तर लिहिलेलं नाही? जुळण्या आल्या तरी खात्री धरू नका. बेड फाइलची (जीनोममधल्या पट्ट्यांची यादी) मोजणी शून्यापासून सुरू होते, व्हीसीएफची (डीएनएतल्या बदलांची यादी) एकपासून. व्हीसीएफमधली दहा ठिकाणं घेऊन रेफरन्स जीनोममधलं (तुलनेसाठी प्रमाण धरलेला डीएनएचा क्रम) अक्षर पडताळा. सगळी एका घराने सरकलेली असली तर मोजणीची चूक. अक्षरांचा काही मेळच नसेल तर बहुधा जीनोमची आवृत्ती वेगळी आहे. मानवी जीनोमच्या २००९ ची जीआरसीएच३७ आणि २०१३ ची जीआरसीएच३८ या दोन्ही आवृत्त्या अजून वापरात आहेत.

सगळ्यात महाग चूक मात्र कॉम्प्युटरपासून लांब होते. रुग्णांचे सगळे नमुने जूनमध्ये सीक्वेन्स केले आणि निरोगी लोकांचे डिसेंबरमध्ये, तर दिसणारा फरक आजाराचा की बॅचचा (म्हणजे वेगळ्या वेळी सीक्वेन्स केल्याचा), हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. म्हणून नमुने पाठवण्याआधीच वेट लॅबवाल्यांसोबत (प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांसोबत) बसा. आरएनए कोणी काढला, कधी, कुठल्या किटने, हे विचारा. (चहा तुम्ही पाजा.)

क्लस्टरवर (सगळ्यांनी मिळून वापरायच्या कॉम्प्युटरांच्या संचावर) लॉगिन नोडवरच, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या मशीनवर, जॉब चालवू नका, जॉब स्क्रिप्ट लिहून रांगेत टाका. नाहीतर पहिल्याच आठवड्यात अ‍ॅडमिनची मेल येते, आणि तीही सरांना सीसी करून.

अडलात तर दोन दिवस स्वतः झगडा, तीन आठवडे नको. विचारायला जाताना ‘चालत नाहीये’ एवढंच घेऊन जाऊ नका: दिलेली कमांड, एररचा पूर्ण मजकूर, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तीच चूक दाखवणारी शंभरेक ओळींची फाइल सोबत न्या. ही फाइल बनवता बनवताच निम्म्या वेळा चूक सापडते.