वय झालेला बास्केटबॉल स्टार टीमचा अटॅक चालवेल का? ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे नुसते पॉइंट्स मोजणं. 14 एप्रिल 2016, आपल्याकडे आंबेडकर जयंतीच्या सुट्टीची सकाळ. NBA मधली, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली, लेकर्सच्या कोबी ब्रायंटची शेवटची मॅच. 37 वर्षांच्या पठ्ठ्याने युटा जॅझला 60 ठोकले, लेकर्स जिंकले. संध्याकाळी आमच्या कोर्टवरचा एक नवशिका हुज्जत घालायला लागला, "अजून दोन सीझन आरामात टीम ओढेल, उगाच रिटायर होतोय!" मॅच बघितलीच नव्हती, नुसत्या क्लिप्स. मी विचारलं, शॉट किती मारले? गप्प. पन्नास मारले बाबा, 22 आत गेले. असिस्ट (ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो) चार. त्या अख्ख्या सीझनची नेमबाजी 36 टक्क्यांच्या आसपास आणि लेकर्सचा हिशोब 17 विजय, 65 पराभव. निरोपाचा दिवस म्हणून सगळे बॉल त्याच्याच हातात देत होते. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारच्या साध्या लीग मॅचला असा अटॅक कोण चालवू देईल?

बॉक्स स्कोअरमधला (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यातला) पॉइंट्सचा रकाना मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी किती शॉटमध्ये किती, मग असिस्ट, मग टर्नओव्हर (बॉल किती वेळा गमावला). स्टीव्ह नॅश 2010-11 मध्ये 37 वर्षांचा झाला. स्कोअरिंग सरासरी 15 च्या आतच, पण 11.4 असिस्टसह लीगमध्ये पहिला. फिनिक्सचा अटॅक त्याच्याच पिक अँड रोलवर (सहकारी डिफेंडरची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे धावतो) फिरायचा.

हाफटाइमला निकाल देऊ नका. 2023 ची वेस्टर्न (NBA च्या पश्चिम विभागाची) फायनल, डेन्व्हरविरुद्ध चौथी मॅच. लेकर्सच्या 38 वर्षांच्या लेब्रॉन जेम्सने पहिल्या हाफमध्ये 31 केले, दुसऱ्यात 9. चार सेकंद सोडले तर पूर्ण वेळ कोर्टवर. लेकर्स 113-111 हरले, सीरिज 4-0 ने गेली. म्हणून रिप्ले लावला की मी चौथं क्वार्टर आधी बघतो: गडी अजून बास्केटपर्यंत घुसतोय, की लांबूनच शॉट फेकतोय?

जन्मतारीख बघून "संपला" म्हणणं हा आळशी लोकांचा शॉर्टकट. ख्रिस पॉल 2021-22 मध्ये 36 चा होता, 10.8 असिस्टसह लीगमध्ये पहिला, आणि फिनिक्सने 64 मॅच जिंकल्या.

शेजारी कोण आहे तेही बघा. पॉलकडे स्कोअरिंगला डेव्हिन बुकर होता. विझर्ड्स टीममधला मायकल जॉर्डन चाळिशीला टेकला तरी 20 च्या सरासरीने मारत होता, टीम दोन्ही सीझन 37 विजय, 45 पराभव. फेब्रुवारी 2025 मध्ये लेकर्सकडे बॉल हातात ठेवून अटॅक चालवणारा लुका डॉन्चिच आला, तेव्हा लेब्रॉनचे असिस्ट घटलेले दिसले तर आधी बघा, बॉल पुढे आणतंय कोण.