सब्यूटिओच्या खेळाडूंचा संघ कसा ओळखायचा: आधी मोजे, मग शर्ट

सब्यूटिओ म्हणजे बोटाने टिचकी मारून खेळायचा टेबलावरचा फुटबॉल. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या टनब्रिज वेल्सजवळ पीटर अडॉल्फ यांनी तो सुरू केला आणि 1947 पासून त्याचे संच लोकांच्या हाती पडू लागले. आज हे छोटे खेळाडू जगभर जमवले जातात. मात्र जुना संच हाती आला की पहिला प्रश्न पडतो: हा संघ नेमका कुठला? बहुतेक जण शर्टाकडे बघून उत्तर देतात आणि तिथेच फसतात. लाल शर्ट डझनभर क्लबांचा असतो, निळाही तितक्याच क्लबांचा. संघ वेगळा पडतो तो चड्डी, मोजे, मोज्यांच्या वरच्या पट्ट्या आणि खेळाडू ज्यावर उभा असतो तो बेस यांवरून. म्हणून ओळख खालून वर करत न्यायची, मोज्यांपासून शर्टाकडे.

सामान थोडंच लागतं. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढराशुभ्र कागद, कान साफ करायच्या कापूसकाड्या, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब. उजेड मात्र दिवसाचा हवा. खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नको. पिवळट बल्बखाली पांढरा मोजा क्रीम दिसतो, आकाशी करडा दिसतो आणि मरून व लाल यांतला फरक जवळजवळ मिटतो. ट्यूबलाइटखालीही आकाशी आणि फिकट निळा यांत गल्लत होते.

धूळ साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या काडीने अलगद टिपा, घासू नका. आधी एकाच खेळाडूच्या पाठीवर, कमरेखाली, एक टिपका लावून बघा. काडीला रंग लागला तर तिथेच थांबा आणि पुढे फक्त कोरडा मऊ ब्रश वापरा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट यांना अजिबात हात लावायचा नाही. ॲसिटोन रंग तर काढतोच, शिवाय खालचं प्लॅस्टिकही विरघळवतो. खेळाडूचा चेहरा गुळगुळीत झाला की ते नुकसान भरून येत नाही.

आता खेळाडू कुठल्या काळातला ते ठरवा. हे आधी करायचं कारण असं की एकाच क्लबचा गणवेश दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतो आणि काळ माहीत नसेल तर रंगांचा अर्थ लागत नाही. सुरुवातीचे खेळाडू पुठ्ठ्याचे आणि नंतर सेल्युलॉइडचे, सपाट; संग्राहक त्यांना ‘फ्लॅट’ म्हणतात. 1961 पासून साच्यातले त्रिमित खेळाडू आले. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा भरीव, रुंद बांध्याचा खेळाडू म्हणजे ‘हेवीवेट’. त्यानंतर थोडाच काळ यंत्राने छापलेले, ताठ आणि निर्जीव चेहऱ्याचे ‘झॉम्बी’ निघाले. हात अंगाला चिकटलेले आणि उभं राहणं लाकडासारखं, त्यामुळे ते लगेच कळतात. 1980 च्या सुमारापासूनचा सडपातळ, हलका खेळाडू म्हणजे ‘लाइटवेट’. हातात धरून दोन-चार नमुने बघितले की हेवीवेट आणि लाइटवेट यांतला फरक भिंगाविना कळायला लागतो.

काळ ठरला की कागदावर प्रत्येक खेळाडूचं सूत्र लिहा, नेहमी एकाच क्रमाने: शर्ट, कॉलर आणि बाह्या, चड्डी आणि तिच्या कडेची पट्टी, मोजे, मोज्यांची वरची पट्टी, बेसचा बाहेरचा रंग, बेसच्या आतल्या चकतीचा रंग. उदाहरणार्थ ‘निळा, पांढरी कॉलर, पांढरी चड्डी, काळे मोजे, लाल पट्टी, निळा बेस, पांढरी चकती’. हे वेळखाऊ वाटेल, पण यानेच अर्धं काम होतं. दहाही मैदानी खेळाडूंचं स्वतंत्र सूत्र लिहा. एकाचं लिहून ‘बाकी तसेच’ असं करू नका. जुन्या संचांत दुसऱ्या संघातून आणून भरलेला खेळाडू हमखास असतो आणि तो मोज्यांवरच उघडा पडतो. दहांपैकी आठांचं सूत्र जुळलं तर तो संघ, उरलेले दोन पाहुणे. गोलरक्षक मात्र या हिशेबात धरू नका. तो दांडीवर बसवलेला असतो, त्याचा रंग वेगळा असतो आणि तो कुठल्याही डब्यातून कुठेही गेलेला असू शकतो.

मोज्यांनी काय साधतं ते निळ्या शर्टावर आणि पांढऱ्या चड्डीवर बघा. मोजे पांढरे असतील तर एव्हर्टनचा विचार करा. निळे असतील तर इप्स्विच टाउन, आणि तेच सूत्र इटलीच्या राष्ट्रीय संघाचंही आहे. लाल मोजे पोर्ट्समथकडे नेतात. काळे मोजे आणि वर लाल पट्टी ही ग्लासगो रेंजर्सची परंपरागत जोडी. शर्ट पाचही संघांचा सारखाच, पण मोज्याच्या दोन-तीन मिलीमीटर रंगाने देशसुद्धा बदलतो. हीच जागा सर्वांत आधी घासली जाते, कारण खेळताना बोट नेमकं पायाशी टेकतं. म्हणून भिंग पिंडरीच्या मागच्या बाजूला न्या, दोन पायांच्या मधल्या फटीत न्या. पुढून मोजा पुसून गेला तरी त्या फटीत मूळ रंगाचा कण टिकून राहतो.

लाल शर्ट, पांढरी चड्डी हा गट तसाच चकवणारा. काळे मोजे असले तर 1970 च्या दशकातला मँचेस्टर युनायटेड, लाल मोजे असले तर नॉटिंगहॅम फॉरेस्ट, आणि पोर्तुगालचा बेनफिकाही तसाच. बाह्या पांढऱ्या असतील तर आर्सेनल; त्यांच्या पांढऱ्या बाह्या 1933 पासूनच्या. चड्डीही लाल असेल तर लिव्हरपूल, पण 1964 नंतरचा. त्याआधी लिव्हरपूल पांढऱ्या चड्डीत खेळत असे. म्हणजे जुन्या साच्यातला लाल-पांढरा खेळाडू लिव्हरपूल म्हणून विकला जात असेल तर ते अशक्य नाही, आणि 1980 च्या लाइटवेटवर तेच सूत्र दिसलं तर लिव्हरपूल हे उत्तर चूक.

काळाची अशी आणखी काही टाचणं मनात ठेवली की पुष्कळ गाठी सुटतात. लीड्स युनायटेडने 1961 मध्ये निळा-सोनेरी सोडून पूर्ण पांढरा गणवेश घेतला. चेल्सीची चड्डी 1964 मध्ये पांढऱ्याची निळी झाली, मोजे पांढरे झाले. कॉव्हेंट्री सिटीने 1962 मध्ये आकाशी रंग घेतला. क्रिस्टल पॅलेस 1973 पर्यंत मरून आणि निळ्याच्या घरातला, नंतर लाल-निळ्या उभ्या पट्ट्यांचा. डंडी युनायटेड 1969 पासून नारिंगी. ब्राझीलचा पिवळा 1954 पासूनचा, त्याआधी ते पांढऱ्यात खेळत.

पट्ट्यांच्या शर्टांवर चूक होण्याचं कारण वेगळं आहे. हे खेळाडू केंट परिसरात घरोघरी माणसं बसून हाताने रंगवत. त्यामुळे एकाच डब्यातल्या दोन खेळाडूंच्या पट्ट्यांची जाडी आणि संख्या वेगळी असू शकते. पट्ट्या मोजून संघ ठरवू नका. त्या उभ्या की आडव्या, रंग कोणते आणि चड्डी कोणती एवढंच बघा. उभ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि पांढरी चड्डी म्हणजे स्टोक सिटी. काळी चड्डी असेल तर साउदॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड, संडरलंड. निळी चड्डी ॲटलेटिको माद्रिदची. इथे एक खाच आहे: 1960 च्या दशकात संडरलंडही पांढऱ्या चड्डीत खेळत होता आणि काळी चड्डी 1972-73 च्या हंगामात परत आली. म्हणून सुरुवातीच्या हेवीवेटवर ‘हा स्टोकच’ असं छातीठोक म्हणता येत नाही. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत काळी चड्डी न्यूकॅसलची, पांढरी युव्हेंटसची. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांत पांढरी चड्डी सेल्टिकची, काळी लिस्बनच्या स्पोर्टिंगची.

काही गट मात्र शेवटपर्यंत फुटत नाहीत. मरून अंग, आकाशी बाह्या, पांढरी चड्डी: ॲस्टन व्हिला, वेस्ट हॅम, बर्नली. मोज्यांत फरक आहे, पण तोही हंगामागणिक बदलता. कंपनीच एका क्रमांकाखाली अनेक क्लबांची नावं देत असे. एकच रंगसंगती रंगवायची आणि ज्याला जो क्लब हवा त्याने तो समजायचा, असा त्यांचा सरळ व्यवहार होता. त्यामुळे ‘व्हिला, वेस्ट हॅम किंवा बर्नली’ हे अपुरं उत्तर नाही, तेच बरोबर उत्तर आहे. विक्रेता त्यातलं एकच नाव सांगून जास्त पैसे मागत असेल तर तो फरक खेळाडूत नसतो, फक्त नावात असतो.

हा क्रमांक डब्याच्या टोकाला चिकटवलेल्या लेबलावर असतो आणि कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकांत, भिंतीवर लावायच्या रंगीत तक्त्यांत तोच क्रमांक खेळाडूच्या चित्राशेजारी छापलेला असतो. 1 म्हणजे लाल शर्ट, पांढरी चड्डी. 2 म्हणजे निळा शर्ट, पांढरी चड्डी. तुमचं सूत्र तयार झालं की त्याच काळातल्या तक्त्याशी ताडून बघा, वेगळ्या दशकातल्या तक्त्याशी नाही. आणि डबा हा पुरावा मानू नका. पन्नास वर्षांत मुलांनी खेळाडू हव्या त्या डब्यात भरले आहेत. डब्याचं लेबल सूत्राशी जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर सूत्राचं ऐका.

रंग उडणं ही दुसरी अडचण. उन्हात राहिलेला लाल नारिंगीकडे किंवा गुलाबीकडे झुकतो, पांढरा धुराने आणि वयाने पिवळा पडतो. मग इंग्लंडचा पांढरा क्रीम दिसतो आणि कुणीतरी नसलेलाच क्लब शोधत बसतं. मूळ छटा काखेत, हाताच्या आतल्या बाजूला आणि बेसमध्ये खोचलेल्या पायाशी शोधा, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो. पुढचा आणि मागचा रंग वेगळा दिसत असेल तर डबा खिडकीत उभा होता असं समजा. उलट दहाही खेळाडू चहूबाजूंनी सारखेच फिकट असतील तर ती मूळ छटाच असण्याची शक्यता जास्त. शंका राहिली तर खेळाडू कोऱ्या कागदाच्या बाजूला ठेवा. डोळ्याला पांढऱ्याचं माप मिळाल्याशिवाय क्रीम आणि पांढरा वेगळे काढता येत नाहीत.

पुन्हा रंगवलेला खेळाडू ओळखायला भिंग तिरकं धरून उजेड एका बाजूने पडू द्या. चार जागा तपासा. केसांची कड: मूळ रंगकामात ती झटपट ओढलेली असते, नंतरच्या हौशी कामात फार जपून काढलेली. कॉलर आणि बाहीची घडी: जाड थर दिला की साच्यातली घडी भरून जाते. टवके: रंग टवक्याच्या खड्ड्यात उतरलेला दिसला तर तो नंतरचाच. आणि घोटा: हेवीवेट नेहमी घोट्यात मोडतो, मग गोंदाने चिकटवतात आणि सांधा झाकायला मोजे रंगवतात. म्हणजे ज्या मोज्यांवर आपली सगळी मदार, तेच बनावट असू शकतात. घोट्याभोवती फुगीर कडा किंवा चकाकणारं वर्तुळ दिसलं की त्या खेळाडूचे मोजे सूत्रातून वगळा.

बेसचा उपयोग ताळा करण्यापुरता. बाहेरचा आणि आतला रंग बहुधा संघाच्या रंगांतलाच असतो, पण बेस निघतात आणि अदलाबदलही होते. दहापैकी दहा बेस सारखे आणि सूत्राशी जुळणारे असतील तर खात्री वाढते. बेस काढून बघायची इच्छा झाली तर आवरा. पाय वाकवून ओढला की घोटाच तुटतो.

भारतात हे संच बहुधा परदेशातून, फोटोवरून मागवावे लागतात. तेव्हा विक्रेत्याला तीन फोटो मागा: दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर दहाही खेळाडू पुढून, तसेच मागून, आणि कुठल्याही तिघांचे गुडघ्याखालचे पाय जवळून. कागद चौकटीत असायलाच हवा. तो फोटोत पिवळा दिसला तर बाकीचे रंगही तेवढेच पिवळ्याकडे सरकलेत असं धरून चाला. पायांचा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर संघाच्या नावाचे पैसे देऊ नका, फक्त दहा खेळाडूंचे द्या.