या चुका टाळा: फोटो काढून आलात, पण नोंद कुठाय?

सप्टेंबर लागला की कासच्या पठारावर फुलांचे फोटो काढून आलेली पोरं एकच विचारतात, "दादा, सेटिंग काय ठेवलं होतं?" अरे, सेटिंग फाइलमध्येच असतं. शटर, आयएसओ, लेन्स, सगळं कॅमेरा स्वतः लिहून ठेवतो. वारा कसा होता, धुकं कधी उठलं, पाऊस थांबून किती दिवस झाले, तुम्ही नेमके कुठं बसला होता, हे तो लिहीत नाही. फोटो ठरतो तो यावरच.

त्यातही कॅमेऱ्याच्या घड्याळावर डोळे झाकून विसंबणं ही चूक मला सगळ्यात महाग पडली. एका वर्षी रस्त्याकडेच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं या इवल्या फुलांचा जांभळा पट्टा मिळाला. पाठीमागून तिरपं ऊन, उठत चाललेलं धुकं, देठादेठावर दव. फाइलवर वेळ ८.५०. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात मी साडेआठलाच तिथं हजर. ऊन वर चढलेलं, दव वाळलेलं, वारा सुटलेला. ते देठ सुतासारखे, जरा झुळूक आली की हलतात. दोन तास गुडघे ओले करून एकही फोटो धड आला नाही. घरी येऊन जुने फोटो चाळताना त्याच सकाळी मोबाइलवर काढलेला चहाच्या ग्लासाचा फोटो सापडला. तो चहा मी फुलांचे फोटो झाल्यावर, घाट उतरताना घेतला होता आणि मोबाइलची वेळ होती ८.१०. उन्हाळाभर बॅटरी काढून ठेवलेली, कॅमेऱ्याचं घड्याळ पुसलं गेलेलं आणि मी ते घाईत अंदाजानं लावलेलं. घाटातला वेळ धरला तर फुलांचे फोटो खरे ७.२० च्या आसपासचे. दीड तासाच्या फरकानं अख्खा हंगाम गेला.

तेव्हापासून कुठंही गेलो तरी पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असलं तरी किती चुकलं ते नंतर काढता येतं.

दुसरी चूक म्हणजे बिघडलेले फोटो जागेवरच उडवणं. नव्या पोरांना याची फार घाई असते. मायणीच्या तलावावर उडत्या पट्टकादंब हंसाचे पंख १/५०० सेकंदाच्या शटरला फिसकटले, तर तोच फोटो पुढच्या खेपेला १/१६०० लावायला सांगणार असतो. तोच पुसलात तर हिवाळ्यात पुन्हा १/५०० वरच सुरुवात. प्रत्येक फेरीतले चार बिघडलेले फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, नावातच कारण लिहून: 'वारा', 'शटर कमी', 'उशीर'.

नुसती तारीख लिहून भागत नाही. सूर्य त्या तारखेला त्याच जागी येईल, फुलं मात्र पावसाच्या हिशोबानं मागंपुढं होतात. म्हणून तारखेशेजारी पावसाची नोंद हवीच. टोपली कारवी या झुडपाचं वर्ष तर आवर्जून लिहा. तिचा मोठा बहर सात वर्षांनी येतो, तेवढं कुणाच्या लक्षात राहत नाही.

'उजेड छान होता' ही नोंद नव्हे. उजेड कुठल्या बाजूनं होता ते लिहा.

घरी गेल्यावर लिहू म्हणालात की राहिलंच. गाडीला किल्ली लावायच्या आधी लिहा. पावसात शाई पसरते, मी पेन्सिल वापरतो. मोबाइलवर लिहिणारे लिहोत, माझी बोटं ओली असतात.

घरट्याची जागा वहीत लिहा, ग्रुपवर टाकू नका. फोटोतलं लोकेशनही काढून मगच पाठवा.

माझ्या वहीतली जुलैतली एक नोंद, वायतुरा या पाणवनस्पतीच्या फुलाची, एवढी पुरते: "वायतुरा, डबक्याची पूर्व कड. सकाळी ७, ढगाळ, वारा नाही. पाऊस ३ दिवस सलग. कोपरं टेकून, पाण्याच्या पातळीवरून. इंग्रजी वाय सारखे दोन्ही तुरे एका रेषेत आले नाहीत, एकच फोकसमध्ये. पुढच्या वेळी वीतभर डावीकडं बसायचं."