पिस्तुलाचं पर्मिट पुलापाशी संपतं: अमेरिकेतल्या मराठी घरांनी या चुका टाळा

टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स न्यू यॉर्कमध्येही चालतं. पिस्तूल जवळ बाळगण्याच्या पर्मिटचं तसं नाही. आपली माणसं फसतात ती इथेच, कारण मनातला हिशेब लायसन्सचा असतो.

आपलं पर्मिट सगळीकडे चालेल असं धरून निघणं

२०१३ सालची गोष्ट. फिलाडेल्फियाची एक तरुण आई गाडीने न्यू जर्सीत शिरली. पर्समध्ये पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचं रीतसर पर्मिट. अटलांटिक काउंटीत पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा तिनेच दोन्ही गोष्टी सांगितल्या. जागच्या जागी अटक झाली. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचं पर्मिट मानत नाही आणि तिथे विनापरवाना पिस्तूल बाळगलं तर पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, त्यातली निदान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. तिच्याकडे हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या होत्या. घराबाहेर त्या नेल्या तर तिथे वेगळा गुन्हा लागू शकतो. केस देशभर गाजली आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी तिला माफी दिली. गाजली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, २०२२ चं अधिवेशन त्याच काउंटीत, अटलांटिक सिटीला भरलं होतं. फिलाडेल्फियाकडून तिथे जायचं तर डेलावेअर नदीवरचा एक पूल ओलांडायचा, बस्स. फोनवरचा नकाशा टोल सांगतो, पिस्तुलाचं काही सांगत नाही.

‘आता पर्मिट लागतच नाही’

अर्धवट खरं. २९ राज्यांत सज्ञान आणि पात्र माणसाला पर्मिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं, टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून. पण शाळेच्या हद्दीपासून एक हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा लागतो. त्यातून मुख्य सूट मिळते ती त्याच राज्याचं पर्मिट असलेल्याला. उपनगरातून गाडी चालवताना शाळा लागल्याशिवाय राहते का? म्हणून माझं मत, लागत नसलं तरी पर्मिट काढून ठेवा. २०२२ च्या ब्रुएन निकालाबद्दलही असाच गैरसमज आहे. सुप्रीम कोर्टाने ‘खास कारण दाखवा’ ही न्यू यॉर्कची अट रद्द केली, पर्मिट नव्हे. त्यानंतर न्यू यॉर्कने टाइम्स स्क्वेअर, सबवे अशा बंदीच्या जागांची लांबलचक यादीच केली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणं

वाटेत कडक राज्य लागणार असेल तर १९८६ च्या केंद्रीय कायद्याचा आधार आहे. निघायच्या आणि पोचायच्या, दोन्ही ठिकाणी तुमचं पिस्तूल बाळगणं कायदेशीर हवं. ते रिकामं हवं आणि गोळ्यांसकट डिकीत. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तर कुलपाच्या पेटीत. डॅशबोर्डचा किंवा दोन सीटमधला कप्पा कुलपाचा असला तरी चालत नाही.

आणि वाटेत मुक्काम टाळा. युटाच्या एका प्रवाशाची २००५ मध्ये नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली. पिस्तूल असलेली बॅग हातात आली, रात्र हॉटेलात गेली आणि सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केल्यावर अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा फेटाळताना अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं की हॉटेलात बॅग हाताशी होती, म्हणून तेवढ्या काळात त्या कायद्याचं संरक्षण नव्हतं. अशी बॅग परत मिळू लागली तर घेऊच नका, एअरलाइनलाच ठेवायला सांगा.

व्हिसाचा विसर

एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन यांपैकी कुठल्याही व्हिसावर असाल, तर राज्याचा कायदा वाचायच्या आधीच विषय संपतो. बंदूक काय, नुसती गोळी जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे, कमाल शिक्षा १५ वर्षं. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक हातात घेऊन फोटो काढणं यातच मोडतं. ठळक अपवाद म्हणजे अमेरिकेतला चालू शिकारीचा परवाना. शाकाहारी माणसाने शिकारीचा परवाना काढायचा, गंमतच आहे, पण कायदा तसा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते. मात्र शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

रेंजची बॅग घेऊन मुंबईला

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,६७८ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. ‘बॅगेत होती हे विसरलो’ हे तिथलं नेहमीचं उत्तर. आपल्याकडे धोका वेगळा आहे. भारतात विनापरवाना काडतूस सापडलं तर १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. काडतूस जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे कोर्टात मांडता येतं आणि अशी प्रकरणं रद्दही झाली आहेत, पण तोवर तीन आठवड्यांची सुट्टी केव्हाच संपलेली असते. म्हणून रेंजची बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरायचीच असेल तर ती पलंगावर उलटी करून झटका, मग प्रत्येक कप्प्याच्या अस्तरावरून बोटं फिरवा. नऊ मिलिमीटरचं काडतूस बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नसतं आणि शिवणीच्या कोपऱ्यात जाऊन बसतं.