मुलाला एचआयव्हीबद्दल कसं सांगावं: आई-वडिलांसाठी आणि सांभाळणाऱ्यांसाठी

मुलाला एचआयव्ही असतो, पण त्याला त्यातलं काहीच माहीत नाही असं घरातले सगळे धरून चाललेले असतात. मूल मात्र बऱ्याच गोष्टी जुळवत असतं: रोज ठरलेल्या वेळेला गोळी, पाहुणे आले की कपाटात जाणारी बाटली, तिच्यावरचं खरवडून काढलेलं लेबल, तपासणीहून परतताना आईचा पडलेला चेहरा. नाव तेवढं ठाऊक नसतं. वाचता यायला लागलं, हातात फोन आला की तेही मिळतं, फक्त घरच्यांकडून मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची शिफारस स्पष्ट आहे. शाळकरी वयाच्या मुलांना, म्हणजे साधारण ६ ते १२ या वयात, त्यांना एचआयव्ही असल्याचं सांगावं; त्याहून लहानांना समज वाढेल तसं थोडं थोडं सांगत जावं. आमच्या मते बारावं वर्ष ही शेवटची मुदत धरावी. तेरा-चौदाव्या वर्षी शरीर बदलत असतं, मोठ्यांवर राग असतो, गोळ्या चुकवण्याची सुरुवातही याच वयात होते. त्यात ही बातमी पहिल्यांदा आली, तर आजारापेक्षा ‘इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंत’ हेच मुलाला जास्त लागतं.

आधी घरच्यांची तयारी

घरात कुणाकुणाला माहीत आहे, याची यादी करा. आजी एक सांगते, काका दुसरं, असं होता कामा नये. जो सांगणार आहे त्याने ‘एचआयव्ही’ हा शब्द आधी मोठ्याने उच्चारून बघावा, शक्य असेल तर उपचार केंद्रातल्या समुपदेशकासमोर. बऱ्याच जणांची जीभ तिथेच अडते. अडत असेल तर तो शब्द समुपदेशकाने उच्चारावा आणि आईने किंवा आजीने शेजारी बसावं. यात काही कमीपणा नाही. मात्र घरच्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनीच परस्पर सांगून टाकणं टाळा. मग मूल घरी येऊन प्रश्न विचारतं आणि घरातल्या कुणाकडेच उत्तर नसतं.

गोळ्यांना खोटं नाव दिलं असेल, तर ते आधी निस्तरावं लागतं. ‘दम्याची गोळी’ असं सांगितलेलं मूल धाप लागत नाही म्हणून गोळी बंद करायला बघतं, आणि त्याचा हिशेब चुकीचा नसतो. दुरुस्ती सरळ करा: “तू लहान होतीस म्हणून मी तसं सांगितलं. ते खरं नव्हतं. आता खरं काय ते सांगते.” एवढं पुरे. लांबलचक सफाई दिली की मूल आपलं दुःख बाजूला ठेवून आईचीच समजूत घालायला लागतं.

वयाप्रमाणे शब्द

चार-पाच वर्षांच्या मुलाला: “तुझ्या रक्तात एक जंतू आहे. गोळी त्याला झोपवून ठेवते, म्हणून तू खेळू शकतोस.” ‘झोपवून’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘मारते’ म्हटलं, तर एक दिवस मूल विचारतं, जंतू मेला ना, मग गोळी कशाला? ‘घाणेरडा जंतू’, ‘खराब रक्त’ हे शब्दही नकोत. मुलाला ते स्वतःबद्दलच वाटतात.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला पांढऱ्या पेशींचं काम सांगता येतं: त्या आजारांशी लढतात, हा जंतू त्यांनाच कमी करतो, गोळीमुळे त्यांची संख्या टिकते. रक्त कशासाठी घेतात तेही आता सांगा. एका तपासणीत त्या पेशी मोजतात आणि दुसरीत जंतू किती आहेत ते बघतात. या टप्प्यापर्यंत मूल पोचलं, की पुढच्या वेळी फक्त नाव सांगायचं उरतं, बाकी सगळं त्याला माहीतच असतं. दहाच्या आसपास मुलाची समज पाहून नाव सांगा. त्याआधी त्याने स्वतःहून ‘मला एचआयव्ही आहे का?’ असं विचारलं, तर वय बघत बसू नका, हो म्हणा.

तो दिवस

सुट्टीची सकाळ बरी. परीक्षेचा आठवडा, प्रवास, घरातलं लग्न आणि रात्री झोपण्याआधीची वेळ टाळा. पुढचे दोन-तीन दिवस एक तरी जाणतं माणूस घरात असेल असं बघा. भांडणात, गोळी घेत नाही म्हणून चिडून तर कधीच सांगू नका. मग एचआयव्ही म्हणजे शिक्षा, असंच मुलाच्या डोक्यात बसतं.

सुरुवात मुलाला काय माहीत आहे तिथून करा: “आपण ही गोळी कशाला घेतो, तुला काय वाटतं?” त्याचं उत्तर पूर्ण ऐका. मग दोन-चार वाक्यांत सांगा: “त्या जंतूचं नाव एचआयव्ही. तो जन्मापासून तुझ्या शरीरात आहे. तू काही चुकीचं केलं म्हणून तो आला नाही. गोळी रोज घेतली तर तू मोठा होशील, शिकशील, काम करशील.” जन्मापासून नसेल, तर तिथे जे खरं असेल ते सांगा. मग गप्प राहा. इथे मोठी माणसं फार बोलतात. पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. ‘बरं, आता खेळायला जाऊ?’ असं मुलाने विचारलं तर जाऊ द्या. त्याला कळलं नाही असा त्याचा अर्थ नाही.

जे प्रश्न येतातच

*मी मरणार का?* “गोळी रोज घेणारी माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात.” हे खरं आहे, निःशंक सांगा. घरात कुणी एचआयव्हीने गेलं असेल, तर त्या वेळी औषध मिळालं नव्हतं, उशिरा मिळालं किंवा मध्येच थांबलं, जे खरं असेल ते सांगा.

*तू दिलास का मला?* सगळ्यात अवघड प्रश्न हाच. “हो. तू पोटात असताना, जन्मताना किंवा दूध पिताना आला. मला तेव्हा माहीत नव्हतं.” माहीत असून औषध मिळालं नसेल, तर तसं सांगा. वडिलांवर ढकलू नका. मुलाला दोघंही हवे असतात.

*मग ताईला का नाही?* आईला आणि बाळाला औषध मिळालं नाही, तर १०० पैकी साधारण १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे औषध नसतानाही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. वेळेवर औषध मिळालं, तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. ताई लाडकी होती म्हणून सुटली नाही, हे मुलाला शब्दांत ऐकू द्या.

*माझ्यामुळे कुणाला होईल का?* मिठी मारून, एका ताटात जेवून, खोकल्याने, डास चावून होत नाही. खरचटलं तर पाण्याने धुवायचं, पट्टी लावायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा तर हातमोजे घालून. वयात आलेल्या मुलांना पुढचंही सांगा: नियमित औषधाने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या जंतूंचा आकडा, तपासणीत सापडत नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. लग्न होईल का, मुलं होतील का, ही विचारायला लाजणाऱ्या मुलांची काळजी इथेच कमी होते.

‘कुणाला सांगायचं नाही’

हे वाक्य पहिल्याच बैठकीत पहिलंच आलं, तर मुलाला एवढंच कळतं की ही लाजेची गोष्ट आहे. आधी बोलायला कोण आहे ते सांगा: “आई, मावशी आणि केंद्रातल्या ताई. आमच्याशी केव्हाही बोल.” नावं निदान दोन तरी हवीत, कारण आईवरच राग असेल तेव्हा दुसरं कुणीतरी लागतं. त्यानंतर म्हणा: “ही तुझी खाजगी गोष्ट आहे. बाकी कुणाला सांगायचं वाटलं तर आधी आपण बोलू.” मैत्रिणीने गोळी पाहिली तर काय म्हणायचं, तेही आधी ठरवून ठेवा. “डॉक्टरांनी दिली आहे” एवढं चालतं.

पुढचे आठवडे

दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने विषय तुम्हीच काढा: “परवा बोललो, त्यातलं काही विचारायचं आहे?” नंतर दर भेटीत. मूल महिनाभर काही बोलणार नाही आणि एकदम भर रस्त्यात विचारेल. तिथे “घरी गेल्यावर नक्की सांगते” म्हणा आणि घरी गेल्यावर खरंच सांगा. गोळ्या मोजत राहा, कारण सांगितल्यानंतर काही मुलं नियमित होतात आणि काही रागाने थुंकून टाकतात. झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, शाळेला जायचं नाही म्हणणं हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, तर समुपदेशकाला भेटा. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि मुलाला एकटं सोडू नका.

बारा-तेराव्या वर्षापासून प्रत्येक तपासणीत थोडा वेळ मुलाला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. तोवर तुम्ही बाहेर बसा, आणि बाहेर आल्यावर काय बोललास ते विचारू नका.