स्ट्रॅटेजी गेममधल्या साम्राज्यांची नावं: या चुका टाळा

पुण्यात आता स्ट्रॅटेजी गेम नुसते खेळणारेच नाहीत. स्वतःचे मॉड (म्हणजे गेमच्या फाईली बदलून केलेल्या आवृत्त्या) करणारे, घरी नकाशे छापून बोर्डगेम मांडणारेही बरेच भेटतात. त्यांच्यातला एक वाद काही मिटत नाही: नकाशावर त्या काळचं खरं नाव लिहायचं की सगळ्यांना ठाऊक असलेलं? माझ्या मते नाव ओळखीचंच असावं, पण ते त्या वर्षाला लागू पडतं का, हे आधी तपासावं. बहुतेक घोळ हे तपासणं राहून गेल्यामुळे होतात.

वर्ष न बघता नाव देणं

2009 साली आलेला 'एम्पायर: टोटल वॉर' 1700 सालापासून सुरू होतो आणि त्यात आपल्या बाजूचं नाव आहे 'मराठा कॉन्फेडरसी', म्हणजे मराठा सरदारांचा संघ. आता 1700 साल आठवा. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा होता. एप्रिलमध्ये तो किल्ला पडला. ताराबाईंनी कारभार हाती घेतला. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचं मंडळ तेव्हा नव्हतंच. 1720 मध्ये बाजीराव पेशवे झाले, त्यानंतरच्या काळात ते उभं राहिलं. 'कॉन्फेडरसी' वाचून खेळाडू सरदारांचे स्वतंत्र मुलूख शोधत बसतो आणि ताराबाईंची जिवावरची झुंज त्याच्या ध्यानातही येत नाही. नुसतं 'मराठे' लिहिलं असतं तर ओळखही राहिली असती आणि इतिहासही.

याच्या उलटी चूक पुण्यात जास्त दिसते: अठराव्या शतकाच्या नकाशावर थेट 'पेशवा साम्राज्य' लिहिणं. गादी साताऱ्याला होती आणि पेशव्यांच्या शिक्क्यातही छत्रपतींचं नाव आधी येतं. शनिवारवाडा कितीही जवळचा वाटला तरी पुण्यातून चालायचा तो कारभार.

सगळ्या मुलखाला एकच नाव, एकच रंग

बाळाजी विश्वनाथांनी 1719 मध्ये दिल्लीहून सनदा आणल्या, त्या तीन गोष्टींच्या: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. त्यातलं 'स्वराज्य' म्हणजे मुख्यतः शिवाजी महाराजांच्या वेळचा मुलूख. चौथाई आणि सरदेशमुखी मात्र दख्खनच्या सहा मोगल सुभ्यांवर होती: औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर, हैदराबाद. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी दहावा. म्हणजे त्याच गावातून मोगल अंमलदारही वसूल नेणार आणि मराठ्यांचा वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदारही.

एवढा सगळा भाग एका रंगात रंगवून वर 'स्वराज्य' लिहिलं, की त्या शतकाचं राजकारणच पुसलं जातं. स्वराज्याला भरीव रंग द्या, चौथाईच्या मुलखाला पट्टे द्या आणि दोन्ही हक्क खेळात वेगळे ठेवा. सुभेदाराशी सतत का भांडावं लागतं, हे मग खेळाडूला नियम न वाचताही कळतं.

एका नकाशात दोन पद्धती

कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याला 'बायझंटाईन' हे नाव रूढ झालं ते 1557 मध्ये हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने वापरल्यानंतर. तोवर कॉन्स्टँटिनोपल पडून शतक उलटलं होतं. तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणायचे. त्यांना नकाशावर 'रोमन' केलंत तर अझ्टेकांना 'मेशिका' आणि इंकांना 'तावंतिनसुयु' करावं लागेल. एकाला खरं आणि दुसऱ्याला रूढ, असं करू नका. मी नकाशावर रूढ नाव ठेवतो आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत त्यांचं स्वतःचं नाव देतो. 'पूर्व रोमन' हा मधला मार्गही चांगला.

जुनी मराठी विसरणं

याचं मला सर्वात वाईट वाटतं. मोगल स्वतःला गुरकानी म्हणवत. पण आपल्या जुन्या कागदांत 'मोगल' आहे आणि आजचा वाचकही मोगलच म्हणतो. म्हणजे मराठी गेममध्ये ओळखीचं नाव आणि त्या काळचं नाव पुष्कळदा एकच निघतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय लोकांची यादीच आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. 'डच ईस्ट इंडिया कंपनी'ऐवजी 'वलंदेज' लिहून बघा, नकाशाचा नूर पालटतो. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापलेले आहेत. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ तर 1910 पासून उभं आहे. एवढं हाताशी असताना इंग्रजी गेममधली नावं उचलायची गरज काय?

फक्त जपून. पेशवेकालीन पत्रांत 'मोगल' म्हणजे कित्येकदा हैदराबादचा निजाम असतो. आणि निजामशाही वेगळी, निजाम वेगळा: अहमदनगरची निजामशाही 1636 मध्ये बुडाली, हैदराबादचं घराणं 1724 पासूनचं.

फाईलमधले घोटाळे

'युरोपा युनिव्हर्सालिस 4' या गेममध्ये प्रत्येक देशाला तीन अक्षरी खूण असते: बायझंटाईनना बीवायझेड, ऑटोमनांना टीयूआर. नाव बदलायचं म्हणून या खुणेला हात लावलात तर तिच्यावर बांधलेल्या घटना तुटतात. बदल भाषेच्या फाईलमध्येच करा. तिथे विशेषणाची ओळ वेगळी असते, खुणेपुढे 'एडीजे' अशी शेपटी लावलेली. ती राहिली की नकाशावर 'रोमन' आणि निरोपात 'बायझंटाईन सैन्य' असा प्रकार होतो. बदललेली नावं दिसतच नसतील तर फाईल यूटीएफ-8 बीओएम या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत सेव्ह केली आहे का ते आधी बघा.

स्वतःचा मराठी गेम लिहिणाऱ्यांची अडचण निराळी. निरोपाचा साचा 'नाव + ने युद्ध पुकारलं' असा ठेवला की आदिलशाहीपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि मग पडद्यावर 'मराठेने युद्ध पुकारलं' उमटतं. प्रत्येक सत्तेसाठी नावाबरोबर तीन रूपं साठवा: मराठ्यांनी, मराठ्यांना, मराठ्यांचा. 'चा'ची 'ची' आणि 'चं' ही रूपंही लागतील, कारण सैन्य मराठ्यांचं असतं आणि फौज मराठ्यांची.