सारंगखेड्याला घोडं बघायला जाताय? दात बघा, पण हात सांभाळा

दत्तजयंती आली की तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरातकडून जनावरं येतात. आपली माणसं "नुसतं बघून येऊ" म्हणून निघतात आणि दावं हातात धरून परततात. सौद्याचं पहिलं काम ठरलेलं: ओठ उचलायचा, जीभ बाजूला ओढायची, दात बघायचे. सकाळभरात दहा तोंडांत हात जातो, मग त्याच हातानं गरम जिलेबी. त्यात हे दिवस कापूस वेचणीचे. बोंडाची टोकं लागून बोटांना बारीक चिरा पडलेल्याच असतात.

घोड्याकडून माणसाला लागणाऱ्या विषाणूंत आपल्याला खरी भीती आहे ती रेबीजची. पिसाळलेलं कुत्रं घोड्यालाही चावतं. जखम भरून जाते, कुणाच्या लक्षातही राहत नाही. काही आठवड्यांनी घोडं चंदी टाकतं, लाळ गाळतं, पाणी गिळत नाही, मागचे पाय लटपटतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, घशात काही अडकलंय, आणि बाही सारून हात आत घालतं. नेमकं हेच करायचं नाही. विषाणू लाळेत असतो. घोडं वेगळं बांधा, पोरांना लांब ठेवा, पशुवैद्यकाला बोलवा. चिरेला लाळ लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद-चुन्यानं भागत नाही.

ऑस्ट्रेलियातला हेंड्रा विषाणू 1994 साली ब्रिस्बेनमध्ये पहिल्यांदा सापडला. फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून घोड्याला, घोड्याकडून माणसाला. लागण 7 जणांना झाली, 4 दगावले. सगळे आजारी किंवा मेलेल्या घोड्याला हाताळणारे. आपल्याकडे तो आलेला नाही, पण त्याचा भाऊबंद निपाह 2018 साली केरळात येऊन गेला. म्हणून गव्हाण नि पाण्याचं टाकं वाघळं लटकतात त्या वड-उंबराखाली नको.

जपानी मेंदूज्वर मात्र डासांमुळे होतो, त्याचा आळ घोड्यावर घेऊ नका.

नाकातून पिवळा चिकट शेंबूड आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर सौदा तिथंच सोडा. तो ग्लँडर्स असू शकतो. रोग जिवाणूचा, पण माणसालाही होतो. रक्ततपासणीचा दाखला मागाच. नवं घोडं तीन आठवडे वेगळ्या ठाणावर ठेवा. बादली, खरारा, मोरकी त्याची त्याला.

बाजाराला निघताना खिशात रबरी हातमोजे आणि साबणाची वडी टाका. मोजे चढवताना बघून विकणारा हसेल. तो हसतोय तोवर भाव पाडून मागा.